दोन ट्रॉल्यांचा इतिहास : ओढणारे बळ आणि थांबवणारे बळ

१/२०
दिवाळी सरली की पुण्याच्या पूर्वेकडील रस्त्यांवर एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. सोलापूर रस्त्याला लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत. नगर रस्त्याला शिरूरची वाट. रात्रीच्या काळोखात मोठ्या आवाजात गाणी वाजवत एक ट्रॅक्टर येतो. त्याच्यामागे उसाने भरलेली एक ट्रॉली असते आणि तिच्याही मागे दुसरी. उसाची वाढी दोन्ही अंगांनी बाहेर लोंबत असतात.
एका वाहनामागे दोन गाड्या जोडण्याची ही रीत आली कोठून? ती टिकली कशी? आणि तिची किंमत कोण मोजतो? या धाग्यात त्याचीच कथा. 🧵

२/२०
ओढण्याच्या इतिहासाची सुरुवात पुण्यात गाडीने होत नाही, पाठीने होते. पेशवाईच्या काळात घाटावरचे धान्य आणि कोकणातले मीठ प्रामुख्याने वाहिले ते लमाण-वंजारी तांड्यांच्या बैलांनी. शेकडो बैल, प्रत्येकाच्या पाठीवर गोणी. सह्याद्रीतील वाटा गाडीच्या चाकासाठी नव्हत्याच.
बोरघाटातून चाकाच्या वाहनांसाठी चांगला रस्ता खुला झाला १८३० साली, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत. पुढे त्याच दशकात लेफ्टनंट गेसफर्ड याने पुणे-सोलापूर भागासाठी सुधारित गाडी प्रचारात आणली. जुन्या, जड, भरीव चाकांच्या गाड्या हळूहळू मागे पडल्या.

३/२०
रस्ते झाले तसे गाड्यांचे लांबच लांब काफिले दिसू लागले. रात्रीच्या प्रवासात मागच्या गाडीचे बैल पुढच्या गाडीच्या पाठीला बांधत. पुढचा गाडीवान जागा राही, मागचे डुलकी घेत.
वरवर पाहता ही 'एकामागे अनेक गाड्या' जोडण्याचीच रीत होती. पण एक मूलभूत फरक ध्यानात घ्यावा लागतो. काफिल्यातील प्रत्येक गाडीला स्वतःचे बैल होते. उतार लागला की तेच बैल मानेवर जू पेलून आपापली गाडी रोखून धरत. ओढणारे बळ जितक्या ठिकाणी होते, थांबवणारे बळही तितक्याच ठिकाणी होते. पुढच्या सगळ्या कथेची किल्ली या एका गोष्टीत आहे.

४/२०
हा समतोल मोडला तो वाफेच्या इंजिनाने. आता एकच यंत्र दहा-वीस डबे ओढू लागले. डब्यांना स्वतःचे बळ उरले नाही. रुळांवर ही साखळी सहज धावते, कारण लोखंडावर लोखंडाचा रोध अत्यल्प असतो. पण जे चाक सहज फिरते, ते सहज थांबत नाही.
याची परीक्षा पुण्याच्याच उंबरठ्यावर झाली. १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग पूर्ण झाला आणि मुंबई-पुणे सलग रेल्वे सुरू झाली. या मार्गावर चढाची तीव्रता काही ठिकाणी ३७ फुटांस १ फूट इतकी होती. रेल्वेच्या दृष्टीने तो जणू कडाच.

५/२०
त्या काळी गाडी थांबवायची कशी? इंजिनाला ब्रेक, आणि काही मोजक्या डब्यांत हाताने चाक फिरवून ब्रेक आवळणारी माणसे. चालकाने शिट्टी दिली की त्यांनी ब्रेक लावायचे. मधल्या डब्यांना स्वतःचे काहीच नाही.
खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवण्यासाठी 'रिव्हर्सिंग स्टेशन' होते. १८६९ साली घाट उतरणारी एक गाडी ताब्यातून सुटली आणि याच स्थानकाची अडसर-भिंत ओलांडून गेली. प्रवासी मृत्युमुखी पडले. घाटात सुटलेली गाडी चढावर वळवून थोपवण्यासाठी 'कॅच सायडिंग' हे आडमार्ग ठेवले जातात; त्यांची गरज का भासते, याचे हे रक्तरंजित उदाहरण.

६/२०
योगायोग असा की त्याच १८६९ साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस याने हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक सिद्ध केला. काही वर्षांतच त्याने त्यात निर्णायक सुधारणा केली. डब्यांमधून जाणाऱ्या नळीत हवेचा दाब असेपर्यंत ब्रेक मोकळे. नळी फुटली किंवा डबे तुटून सुटले, की दाब उतरतो आणि प्रत्येक डब्याचे ब्रेक आपोआप लागतात.
म्हणजे काफिल्यातील बैलजोडीचा गुण यंत्राने परत मिळवला. प्रत्येक डब्याला पुन्हा स्वतःचे थांबवणारे बळ मिळाले.

७/२०
उपाय सापडला म्हणून तो लगेच स्वीकारला गेला, असे मात्र झाले नाही. खर्च कोण करणार, हा प्रश्न आडवा आला. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे मुलांना सहलीला नेणारी गाडी चढावर अडली. मागचे डबे सोडून पुढचे आधी वर नेण्याचे ठरले. सोडलेले डबे उतारावरून मागे घसरले आणि पाठोपाठ येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० जण ठार झाले.
त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना अखंड, स्वयंचलित ब्रेक कायद्याने बंधनकारक केले. ज्ञान वीस वर्षे जुने होते. सक्ती मात्र दुर्घटनेनंतर आली.

८/२०
आता रूळ सोडून रस्त्यावर येऊ. १८६७ साली एडिनबरा येथे रॉबर्ट विल्यम थॉमसन याने जाड रबरी धावा बसवलेले वाफेचे 'रोड स्टीमर' बनवले. हवा भरलेल्या टायरचे पेटंट डनलॉपच्या चाळीसहून अधिक वर्षे आधी, १८४५ साली, घेणारा हाच तो थॉमसन.
त्याची यंत्रे हिंदुस्थानात आणली रूक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या पाठिंब्याने १८७०च्या दशकाच्या आरंभी 'गव्हर्न्मेंट स्टीम ट्रेन' ही योजना उभी राहिली. पंजाबात ग्रँड ट्रंक रोडवर एका इंजिनामागे अनेक गाड्या जोडून धावणारी रुळांविना आगगाडी!

९/२०
यंत्रे चालली, पण योजना टिकली नाही. लोहमार्ग पसरत गेले आणि रस्त्यावरच्या आगगाडीची निकड संपली. क्रॉम्प्टन १८७५च्या सुमारास मायदेशी परतला, विद्युत अभियांत्रिकीकडे वळला आणि त्या क्षेत्रातील अग्रणी ठरला. भारतीय घरांतील पंख्यांवर आजही दिसणारे 'क्रॉम्प्टन' हे नाव त्याचेच.
त्याच्या प्रयोगाने एक गोष्ट मात्र सिद्ध केली. चांगला रस्ता आणि रबरी चाक असेल, तर एक यंत्र रस्त्यावरही अनेक गाड्या ओढू शकते.

१०/२०
रुळांविना धावणाऱ्या साखळीपुढे आणखी एक अडचण होती : वळण. रूळ डब्यांना मार्गावर ठेवतात. रस्त्यावर मागची गाडी वळणाच्या आतल्या बाजूला सरकते. जितक्या गाड्या अधिक, तितकी शेवटची गाडी आत.
१९०३ साली फ्रान्सच्या कर्नल शार्ल रनार याने अशी 'रोड ट्रेन' दाखवली, की जिच्या मागच्या गाड्या पुढच्या गाडीच्या चाकोरीतूनच जात आणि प्रत्येक गाडीच्या चाकांना इंजिनाचे बळ दांड्यांद्वारे पोहोचे. १९३४ साली ऑस्ट्रेलियाच्या ओसाड उत्तर भागात याच विचाराची सरकारी रोड ट्रेन आली. जगाने धडा घेतला होता : साखळीतील प्रत्येक गाडीचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

११/२०
आता पुन्हा पुण्याकडे. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पूर्ण झाले आणि मुठेच्या कालव्याने हडपसर-मांजरीच्या शिवारात बारमाही पाणी खेळू लागले. १८८०च्या दशकात नीरा डावा कालवा पुरंदर-बारामती-इंदापूरकडे गेला. दुष्काळी पट्ट्यात ऊस उभा राहिला.
पण तेव्हा तो ऊस फार दूर जात नसे. शेताच्या बांधावरच गुऱ्हाळ असे. चरक बैल फिरवत, काहिलीत गूळ शिजे. वाहून न्यायचा तो गूळ, ऊस नव्हे. म्हणून वाहतुकीचा प्रश्न लहान होता.

१२/२०
१९३२ साली साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि चित्र पालटले. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. सासवडच्या माळी बागायतदारांनी सोलापूर जिल्ह्यात माळीनगरचा कारखाना उभारला.
मोठ्या खासगी कारखान्यांकडे हजारो एकरांचे सलग मळे असत. त्यामुळे काही कारखान्यांना मळ्यातच अरुंद रूळ टाकून उसाच्या डब्यांची माळ गव्हाणीपर्यंत नेणे परवडले. सलग जमीन, एक मालक, ठरलेला मार्ग. अशा ठिकाणी रूळ शोभतात.

१३/२०
स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला हंगाम १९५०-५१चा. पाठोपाठ नीरेच्या खोऱ्यात माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर.
या बदलाचा वाहतुकीवरील परिणाम मात्र क्वचितच सांगितला जातो. सहकारी कारखान्याचा ऊस हजारो सभासदांच्या एक-दोन एकरांच्या तुकड्यांतून येतो. आज या शेतात तोड, उद्या दुसऱ्या गावात. अशा विखुरलेल्या शिवारात रूळ टाकणार कोठे? सहकाराला रस्ता हवा होता आणि रस्त्यावर चालणारी गाडी.

१४/२०
ती गाडी प्रथम बैलांचीच होती. लाकडी चाकाच्या जागी हवेचे टायर आले आणि 'टायरगाडी' रूढ झाली. त्याच जोडीकडून आता अधिक भार ओढला जाऊ लागला.
घाई का, तेही समजून घ्यायला हवे. ऊस तोडला की त्यातील साखर उतरू लागते आणि वजनही घटते. म्हणून तोडल्यापासून शक्यतो चोवीस तासांत तो गाळला जावा लागतो. गव्हाण रात्रंदिवस चालते, ती रिकामी राहून चालत नाही. बीड-नगरच्या कोरडवाहू गावांतून येणारे तोडणी कामगार, म्हणजे 'कोयता' म्हणून मोजले जाणारे नवरा-बायकोचे जोडपे, मुकादमाकडून उचल घेऊन या चक्राला जुंपले गेले. दिवसा तोड, रात्री वाहतूक.

१५/२०
भारतात ट्रॅक्टरनिर्मिती १९५९ साली सुरू झाली आणि पुढील दशकांत बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली. टायरगाडी दीड-दोन टन ऊस नेई. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर एका खेपेत वीस टनांच्या घरात नेतो. चालक एक, इंजिन एक, कारखान्यावरच्या रांगेतला नंबरही एकच.
रीतही शेताने घडवली. ओल्या रानातून दोन भरलेल्या ट्रॉल्या एकदम निघत नाहीत. म्हणून ट्रॅक्टर एकेक ट्रॉली बाहेर काढतो आणि डांबरी रस्त्याला लागल्यावर दोन्ही जोडतो. काही भागांत लहान ट्रॅक्टरमागे बैलगाडीच्याच धाटणीच्या दोन गाड्या जोडतात. त्याला लोक 'जुगाड' म्हणतात. बैल गेले, गाडी राहिली.

१६/२०
एवढा भार ट्रॅक्टर ओढतो कसा? सपाट डांबरी रस्त्यावर रबरी चाक चालते ठेवायला भाराच्या साधारण एक ते दोन टक्के जोर पुरतो. २५ टनांसाठी अडीचशे ते पाचशे किलो. ट्रॅक्टरला हे जड नाही.
चढावर मात्र मागचा ओढ इतका होतो की ट्रॅक्टरची पुढची चाके उचलू लागतात. त्यासाठी पुढे वजन बांधतात.
आता उताराचा हिशेब. बोरघाटातील लोहमार्गाइतका, ३७ला १ असा उतार असेल, तर तोच २५ टनांचा भार पावणेसातशे किलोच्या जोराने खाली ढकलत राहतो. ढकलला जातो तो अडीच टनांच्या आसपासचा ट्रॅक्टर.

१७/२०
येथेच काफिल्याचा जुना समतोल आठवावा. उसाच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा मागच्या दोन चाकांवर असतात. म्हणजे दहा चाकांवरचा भार थांबवण्याचे काम दोन चाकांवर.
चालकाने अचानक ब्रेक दाबला, तर मागच्या ट्रॉल्या थांबत नाहीत. त्या ट्रॅक्टरला रेटतात आणि सांध्यापाशी संपूर्ण साखळीची घडी पडते. वेग वाढला की मागची ट्रॉली डोलू लागते. वळणावर ती आत सरकते आणि कडेने जाणाऱ्या सायकलस्वाराची जागा खाते. १८६९च्या घाटातील अडचण आणि १९०३ साली सोडवलेला प्रश्न, दोन्ही एकत्र रस्त्यावर चालत असतात.

१८/२०
थांबलेली ट्रॉली तर चालत्या ट्रॉलीहून घातक. टायर फुटला की भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला रात्रभर उभी राहते. मागचा दिवा नाही, परावर्तक उसाखाली झाकलेला. दुचाकीवरून येणाऱ्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. दर हंगामात अशा बातम्या येतात. दर हंगामात पोलीस, परिवहन खाते आणि कारखाने परावर्तक लावण्याची मोहीम घेतात.
हिशेबाची बाजूही पाहावी. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून वजा होतो. ट्रॅक्टरमालकाला मिळते ते टनावर. खेपेत भार जितका अधिक, तितका कर्जाचा हप्ता सोपा. ब्रेकसाठी पैसे मोजण्याची निकड या साखळीत कोणालाच नसते. किंमत मोजतो तो बहुधा साखळीबाहेरचा वाटसरू, नाहीतर ट्रॉलीवरच निजलेला तोडणी कामगार.

१९/२०
या प्रश्नाचे सारे धागे पुणे शहरात एकत्र येतात. शिवाजीनगरच्या साखर संकुलात राज्याच्या साखर आयुक्तांचे कार्यालय आहे. मांजरीला १९७५ साली स्थापन झालेली आणि आज वसंतदादांच्या नावाने ओळखली जाणारी साखर संस्था आहे. कोथरूडच्या टेकडीवर १९६६ पासून वाहनांची चाचणी घेणारी 'एआरएआय' आहे. शहराबाहेर सणसवाडीला ट्रॅक्टरचा कारखाना आहे.
आणि २०२५ साली नागपुरात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते एका मालवाहू रोड ट्रेनला हिरवा झेंडा दाखवण्यात आला. एका ट्रकमागे दोन जोडगाड्या, मार्ग नागपूर ते भिवंडी. क्रॉम्प्टनची कल्पना दीडशे वर्षांनी महाराष्ट्राच्या रस्त्यावर आली. अशा अवजड जोडगाड्यांच्या चाकांना हवेचे ब्रेक असतात.

२०/२०
एकाच राज्यात, एकाच काळात, दोन साखळ्या धावत आहेत. एकीच्या प्रत्येक गाडीला थांबण्याचे बळ आहे. दुसरीला बहुधा नाही. फरक ज्ञानाचा नव्हे, ते १८६९ पासून उपलब्ध आहे. फरक आहे तो ब्रेकचा खर्च कोणी करायचा, हे ठरण्याचा. रेल्वेच्या बाबतीत ते आर्माच्या ८० मृत्यूंनंतर कायद्याने ठरवले. उसाच्या रस्त्यावर मृत्यू एकेकटे येतात, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या रात्री. त्यांची एकत्र बेरीज कोणाच्या डोळ्यांसमोर उभी राहत नाही.
दोन ट्रॉल्या जोडणे हा अविचार नव्हता. विखुरलेली शेते, नासणारा ऊस आणि न थांबणारी गव्हाण यांतून निघालेले ते व्यवहारी उत्तर होते. मात्र ते अर्धेच उत्तर आहे. बैलजोडीकडून यंत्राने ओढण्याचे काम घेतले. रोखून धरण्याचे काम अजून पुरते घेतलेले नाही.
(समाप्त)